शयनगृहासाठी गडद राखाडी रंग कसा निवडावा

शयनगृहाच्या भिंतींसाठी गडद राखाडी रंग घ्यायचे ठरले की बहुतेक जण शेड कार्ड उघडतात, दिवसाउजेडी दोन-चार छटा एकमेकींशेजारी धरून पाहतात आणि त्यांतली डोळ्यांत भरणारी एक नक्की करून टाकतात. बैठकीच्या खोलीसाठी ही पद्धत कदाचित चालून जाईल. शयनगृहात मात्र ती बहुधा फसते, कारण ही खोली आपण जागेपणी वापरतो ती मुख्यतः रात्री आणि पहाटे, म्हणजे दिव्यांच्या उजेडात किंवा अगदी मंद प्रकाशात. फिकी भिंत तिच्यावर पडणारा प्रकाश बव्हंशी परत टाकते, त्यामुळे निवड थोडी चुकली तरी खोली उजळच राहते. गडद राखाडी रंग प्रकाशाचा मोठा भाग शोषून घेतो; जो थोडा भाग परत येतो त्याच्यावरच त्याचे सारे रूप ठरते, आणि म्हणून प्रकाशातला लहानसा बदलही त्या भिंतीवर ठळकपणे उमटतो. यासाठी येथे नेहमीपेक्षा उलटा क्रम धरला आहे: आधी दिवे, मग गडदपणा, मग रंगाची झाक, आणि शेड कार्डावरचे नाव सर्वांत शेवटी.

दिवे आधी ठरवावेत

खोलीत कायम राहणारे दिवे रंग पाहण्यापूर्वीच बसवून घ्यावेत, निदान त्याच प्रकारचे बल्ब आणून ठेवावेत. बल्बच्या खोक्यावर प्रकाशाचा रंग केल्विनमध्ये दिलेला असतो. २७०० ते ३००० केल्विनचा प्रकाश पिवळसर आणि उबदार असतो, ४००० च्या आसपासचा पांढरा, तर ६५०० चा निळसर पांढरा. एकच गडद राखाडी भिंत या तीन प्रकाशांत तीन वेगळ्या भिंतींसारखी दिसू शकते. पिवळसर प्रकाशात निळी झाक सहसा दबते आणि तपकिरी झाक उठून दिसते. निळसर पांढऱ्या प्रकाशात निळी झाक पोलादासारखी थंड होते आणि तपकिरी झाक मळकट वाटू लागते. शयनगृहासाठी माझी पसंती २७०० ते ३००० केल्विनलाच आहे, आणि गडद राखाडी भिंती असतील तर ती अधिकच ठाम आहे. निळसर पांढऱ्या उजेडातली करडी खोली निजण्याच्या खोलीपेक्षा तपासणीच्या खोलीसारखी भासते.

खोक्यावरचा दुसरा आकडा रंग-दर्शकतेचा, म्हणजे सीआरआयचा असतो. तो १०० पर्यंत मोजला जातो आणि ९० किंवा त्याहून अधिक असलेला बल्ब वस्तूंचे रंग बऱ्याच अंशी खरे दाखवतो. राखाडी रंगाच्या बाबतीत या आकड्याकडे दुर्लक्ष करू नये, कारण राखाडी रंगाची झाक मुळातच सूक्ष्म असते आणि निकृष्ट प्रकाशात ती एक तर नाहीशी होते किंवा भलत्याच दिशेला झुकते. दोन रंग एका प्रकाशात तंतोतंत जुळतात आणि दुसऱ्या प्रकाशात वेगळे दिसतात, या प्रकाराला मेटामेरिझम म्हणतात. दुकानात पडद्याच्या कापडाशी अचूक जुळलेली छटा घरी येऊन त्याच पडद्याशेजारी परकी का दिसते, याचे उत्तर बहुधा येथेच सापडते.

खोलीतले सर्व दिवे एकाच केल्विनचे असावेत. छताचा दिवा पांढरा आणि उशाचा दिवा पिवळा असेल तर एकाच भिंतीचे दोन रंग होतात, आणि गडद भिंतीवर हा भेद फिक्या भिंतीपेक्षा जास्त खटकतो. शिवाय गडद भिंती प्रकाश फारसा परत टाकत नसल्याने केवळ छतावरच्या एका दिव्यावर भागत नाही. उशाशी एक, कोपऱ्यात एक, कपाटाजवळ एक असे दोन-तीन दिवे वेगवेगळ्या उंचीवर ठेवावेत आणि त्यांचा प्रकाश भिंतीवरून उसळून येण्याची वाट न पाहता तो थेट पुस्तकावर, टेबलावर किंवा आरशासमोर पडेल असे पाहावे.

किती गडद म्हणजे गडद

शेड कार्डाच्या मागे किंवा रंग-कंपनीच्या माहितीपत्रकात अनेकदा एलआरव्ही नावाचा आकडा असतो. त्याला मराठीत प्रकाश-परावर्तन मूल्य म्हणता येईल. भिंतीवर पडलेल्या प्रकाशापैकी शेकडा किती प्रकाश परत येतो, हे तो सांगतो. शून्य म्हणजे पूर्ण काळा आणि १०० म्हणजे आदर्श पांढरा. प्रत्यक्षातले पांढरे रंग ८० ते ९० च्या घरात असतात. येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी, ती म्हणजे डोळा हे मूल्य सरळ रेषेत मोजत नाही. काळ्या आणि पांढऱ्याच्या बरोबर मध्ये वाटणारा राखाडी रंग ५० टक्के प्रकाश परत टाकत नाही, तर जेमतेम १८ ते २० टक्के टाकतो. छायाचित्रकारांचे मापनासाठी वापरले जाणारे राखाडी कार्ड १८ टक्क्यांचे असते ते याचमुळे. म्हणून कार्डावर ३५ हा आकडा पाहून ‘हा तर बराच गडद आहे’ असे समजू नये. तो भिंतीवर मध्यम-फिका राखाडी दिसेल.

माझ्या मते गडद राखाडीची खरी हद्द २० च्या खाली सुरू होते. १२ ते २० या पट्ट्यातले रंग दिवसा स्पष्टपणे राखाडी दिसतात आणि रात्री खोल होतात, तरीही आपले राखाडीपण सोडत नाहीत. ६ ते १२ हा चारकोलचा, म्हणजे कोळशासारख्या राखाडीचा पट्टा. हे रंग दिवसा भारदस्त असतात, पण मंद दिव्यात काळ्याकडे झुकतात आणि त्यांची झाक जवळजवळ ओळखू येत नाही. ५ च्या खाली गेल्यावर कार्डावर राखाडी लिहिलेले असले तरी रात्री भिंत काळीच दिसणार, हे गृहीत धरावे. पहिल्यांदाच गडद भिंती करणाऱ्याने १२ ते १८ च्या दरम्यान राहावे असे मी सुचवेन. याला आणखी एक कारण आहे. चारही भिंती गडद झाल्या की एका भिंतीवरून परतलेला थोडासा प्रकाश समोरच्या गडद भिंतीवर जातो आणि तेथे पुन्हा बराचसा शोषला जातो. असे होत होत संपूर्ण खोली हातातल्या तुकड्यापेक्षा एक पायरी अधिक गडद आणि तिची झाक अधिक ठळक वाटते. हातातल्या कार्डावर जो रंग ‘अगदी हवा तसा’ वाटतो, त्याच्यापेक्षा किंचित फिका रंग चारही भिंतींवर हवा तसा उतरतो.

झाक ओळखणे

शुद्ध राखाडी रंग भिंतीवर क्वचितच भेटतो. प्रत्येक राखाडी रंग निळ्या, हिरव्या, जांभळ्या किंवा तपकिरी रंगाकडे थोडा तरी झुकलेला असतो, आणि निवडीतली निम्मी चूक ही झाक न ओळखल्याने होते. फिक्या राखाडीत ती चटकन दिसते. गडद राखाडीत ती लपून बसते आणि खोली रंगवून झाल्यावर डोके वर काढते.

नुसता काळा आणि पांढरा मिसळून तटस्थ राखाडी मिळेल असे वाटते, पण काजळीपासून बनणारा काळा पांढऱ्यात मिसळला की मिश्रण निळसर दिसते. म्हणून रंग तयार करताना त्यात पिवळा ऑक्साइड, लाल ऑक्साइड किंवा तपकिरी रंगद्रव्य घालून तो निळेपणा कापला जातो. रंग मशीनवर मिसळून मिळत असेल तर डब्यावर चिकटवलेल्या कागदावर कोणते रंगद्रव्य किती घातले ते छापलेले असते; नमुन्याचा डबा घेतानाच तो कागद वाचावा. पिवळा आणि लाल ऑक्साइड लक्षणीय प्रमाणात असतील तर झाक उबदार असणार, फक्त काळा किंवा काळा अधिक निळा असेल तर ती थंड असणार, आणि काळ्यासोबत केवळ पिवळा असेल तर भिंत हिरवट होण्याची शक्यता जास्त. रंगाच्या नावापेक्षा हा कागद कितीतरी अधिक प्रामाणिक असतो; चारकोल, स्लेट, ग्रॅफाइट, शिसे ही नावे विक्रीसाठी दिलेली असतात आणि दोन कंपन्यांचे ‘स्लेट’ एकमेकांचे नातेवाईकही नसू शकतात.

कार्डावरूनच ओळखायची असेल तर एकट्या छटेकडे टक लावून काही उपयोग होत नाही. चार-पाच गडद राखाडी छटा एकत्र ठेवाव्यात. शेजारीशेजारी आल्या की एक निळी, एक हिरवट, एक जांभळट असे त्यांचे स्वभाव आपोआप वेगळे होतात. एका रंगाची दुसऱ्यावर अशी छाप पडते हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल यूजेन शेवरल यांनी १८३९ साली सविस्तर मांडले. पॅरिसच्या गोबलँ या भित्तिपट विणणाऱ्या कारखान्यात ते रंगाई विभागाचे प्रमुख होते आणि तेथे काळ्या धाग्यांचा रंग फिका पडतो अशी तक्रार होती. दोष काळ्या रंगात नसून त्याच्या शेजारी विणलेल्या निळ्या-जांभळ्या धाग्यांत आहे, हे त्यांनी दाखवून दिले. शयनगृहात हाच नियम उलट बाजूने लागू पडतो: नारंगी-तपकिरी लाकडी पलंगामागची तटस्थ राखाडी भिंत निळसर दिसेल, आणि निळ्या पडद्यांशेजारची तीच भिंत किंचित मातकट वाटेल. म्हणून झाक निवडताना नव्या रंगाकडे एकट्याने न पाहता, जे बदलणार नाही ते, म्हणजे फरशी, पलंग, कपाट आणि दार, समोर ठेवावे.

साधारणपणे लालसर किंवा मधाळ लाकूड असलेल्या खोलीत तपकिरी झाकेचा राखाडी शांत बसतो, तर थंड झाकेचा राखाडी आणि ते लाकूड एकमेकांना अधिक भडक करतात. हा भडकपणा काहींना मुद्दाम हवा असतो, आणि तो चांगलाही दिसू शकतो. पण तो जाणूनबुजून केलेला असावा. पांढऱ्या किंवा करड्या फरशीवर निळसर राखाडी सहज चालतो. हिरवट झाकेचा राखाडी बहुतेक जण टाळतात, माझ्या मते विनाकारण. तागाच्या, सुती, न रंगवलेल्या कापडांसोबत आणि मध्यम तपकिरी लाकडासोबत तो फार छान उतरतो. खरी सावधगिरी जांभळट झाकेबाबत बाळगावी. ती कार्डावर जवळजवळ दिसत नाही, तटस्थ म्हणूनच निवडली जाते, आणि संध्याकाळी भिंतीवर अनपेक्षितपणे वर येते.

मंद प्रकाशात आणखी एक गोष्ट घडते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चेक शरीरशास्त्रज्ञ यान पुर्किन्ये यांनी नोंदवले की अंधार वाढू लागला की लाल रंग लवकर काळवंडतात आणि निळे-हिरवे रंग त्यामानाने उजळ राहतात. डोळ्याची संवेदनशीलताच त्या बाजूला सरकते. गडद भिंतीवर उशाचा एक मंद दिवा असताना आपण याच सीमेवर असतो. लाल ऑक्साइडमुळे आलेला उबदारपणा अशा वेळी आधी विरतो. रात्रीही उबदार वाटावी अशी भिंत हवी असेल तर दिवसा थोडी जास्तच तपकिरी वाटणारी छटा घेणे म्हणूनच योग्य ठरते.

नमुना खोलीत पाहणे

मोबाइलच्या किंवा संगणकाच्या पडद्यावर रंग ठरवू नये. पडदा स्वतः प्रकाश देतो, भिंत मात्र पडलेला प्रकाश परत टाकते. कार्डावरचा लहान चौकोनही केवळ यादी लहान करण्यापुरता उपयोगी आहे. दोन किंवा तीन छटा उरल्या की त्यांचे नमुन्याचे डबे आणून जाड पुठ्ठ्यावर किंवा पातळ फळीवर साधारण ६० बाय ६० सेंटिमीटरचे तुकडे रंगवावेत. रंगाचे दोन हात द्यावेत, कारण एका हातात खालचा पांढरा पुठ्ठा डोकावतो आणि छटा फसवी दिसते. तुकडा कडेपर्यंत रंगवावा. भोवती पांढरी चौकट राहिली तर तिच्या तुलनेत रंग आहे त्यापेक्षा गडद वाटतो. नेमक्या याच कारणासाठी सध्याच्या फिक्या भिंतीवर थेट पट्टे ओढून पाहण्याच्या मी विरोधात आहे. शिवाय त्या पट्ट्यांच्या कडा पुढे नव्या रंगाखालूनही दिसत राहतात.

पाण्यात मिसळणारे इमल्शन ओले असताना दुधाळ आणि फिके दिसते, वाळल्यावर ते गडद होते. तेव्हा ओल्या तुकड्यावर मत बनवू नये. वाळलेला तुकडा खोलीत फिरवत राहावा. खिडकी ज्या भिंतीत आहे ती भिंत दिवसा सर्वांत काळी दिसते, कारण प्रकाश तिच्यावर न पडता तिच्याकडून येतो आणि डोळा खिडकीच्या उजेडाशी जुळवून घेतो. खिडकीसमोरची भिंत सर्वांत उजळ असते, आणि बाजूच्या भिंतींवर प्रकाश तिरपा पडतो. तुकडा भिंतीला उभा टेकवूनच पाहावा, जमिनीवर किंवा पलंगावर आडवा ठेवून नव्हे, कारण आडव्या पृष्ठभागावर छताचा प्रकाश पडतो आणि रंग फिका वाटतो. पलंगामागे, कपाटाशेजारी, दाराजवळ असे ठेवून सकाळी, दुपारी आणि मावळतीला एक नजर टाकावी. पण निर्णय रात्री घ्यावा, खोलीतले नेहमीचे दिवे लावून आणि नंतर फक्त उशाचा दिवा ठेवून, पलंगावर पडल्यापडल्या जिथे नजर जाते तिथून. दिवसा उत्तम आणि रात्री सुमार दिसणारी छटा शयनगृहातून बाद करावी. दिवसा सुमार पण रात्री उत्तम दिसणारी छटा मात्र ठेवण्याजोगी असते.

दिशेचा विचारही येथेच करावा. उत्तर गोलार्धात उत्तरेकडच्या खिडकीतून थेट ऊन जवळजवळ येत नाही, आकाशाचा निळसर प्रकाश येतो आणि थंड राखाडी अधिक थंड होतो. दक्षिणेकडच्या खोलीत उन्हामुळे दोन्ही प्रकारच्या झाका चालतात. दक्षिण गोलार्धात हे उलटे समजावे. पश्चिमेच्या खिडकीतून मावळतीचा नारंगी प्रकाश आत येतो तेव्हा तपकिरी झाकेची भिंत तांबूस होते, ती आवडते की नाही हे पाहूनच ठरवावे.

छत, कडा आणि पांढरा रंग

गडद भिंतींवर झगझगीत पांढरे छत ठेवले की भिंत आणि छत यांच्यामधली रेघ चाकूने कापल्यासारखी दिसते आणि नजर तिथेच अडते. त्यापेक्षा छताला किंचित पिवळसर किंवा राखाडी छटेचा पांढरा रंग द्यावा, किंवा भिंतीच्याच रंगाचे पांढऱ्यात मिसळलेले बरेच फिके रूप द्यावे. छतही त्याच गडद रंगात रंगवल्यास कोपरे विरघळतात आणि खोलीच्या सीमा नेमक्या कुठे आहेत ते कळेनासे होते. लहान खोलीत गडद रंग कोंडट वाटतो हे सरसकट खरे नाही. कोंडटपणा येतो तो बहुधा गडद आणि पांढऱ्याच्या तुकड्यातुकड्यांनी खोली कापली गेल्याने आणि प्रकाश कमी पडल्याने. मात्र छत गडद करायचे तर दिव्यांची संख्या वाढवण्याची तयारी ठेवावी.

केवळ पलंगामागची एक भिंत गडद करून बाकीच्या फिक्या ठेवण्याचा मध्यम मार्ग अनेक जण निवडतात. तो सुरक्षित आहे हे खरे, पण शेजारच्या फिक्या भिंतींमुळे ती एक भिंत आणखी काळी दिसते, तेव्हा तिच्यासाठी एक पायरी फिका रंग घ्यावा. पांढरी बटणे आणि पांढरे स्विचबोर्ड गडद भिंतीवर फार डोळ्यांत येतात; शक्य असल्यास ते राखाडी किंवा काळे बसवावेत.

चकाकी आणि भिंतीची तयारी

गडद रंगात चकाकीची निवड छटेइतकीच महत्त्वाची ठरते. कोणत्याही रंगाच्या वरच्या थरावरून सुमारे ४ टक्के प्रकाश रंगाला न भिडताच परत येतो. मॅट पृष्ठभाग तो सगळीकडे विखुरतो, म्हणून गडद मॅट भिंत किंचित धुरकट आणि मखमली दिसते. चकचकीत पृष्ठभाग तो एकाच दिशेला परत टाकतो, म्हणून बाकी कोनांतून रंग अधिक काळा दिसतो आणि एका कोनातून दिव्याचे प्रतिबिंब. शयनगृहासाठी मॅटच बरे. पण साध्या मॅटवर हात घासला, खुर्ची टेकली की चमकदार किंवा पांढुरके डाग उमटतात आणि ते पुसून जात नाहीत. त्यामुळे धुता येईल असा मॅट किंवा अंड्याच्या कवचासारखी अगदी मंद चकाकी असलेला रंग घ्यावा, निदान पलंगाच्या मागे आणि दाराजवळ.

भिंतीतला प्रत्येक उंचवटा गडद रंगावर, विशेषतः तिरप्या उजेडात, दिसतो. लांबी (पुट्टी) भरून, पॉलिश पेपरने घासून झाल्यावर हातातला दिवा भिंतीला लावून आडव्या प्रकाशात ती एकदा तपासावी. ओल असेल तर आधी तिचा उपाय करावा, कारण क्षारांचे पांढरे चट्टे गडद भिंतीवर लपत नाहीत. गडद रंग ज्या बेसमध्ये, म्हणजे रंगद्रव्ये घालण्यापूर्वीच्या मूळ रंगात, मिसळले जातात त्यात पांढरे टायटॅनियम डायऑक्साइड कमी असते, त्यामुळे काही गडद रंगांची झाकण्याची ताकद अपेक्षेपेक्षा कमी निघते. पांढऱ्याऐवजी राखाडी छटेचा प्रायमर वापरल्यास हे काम सोपे होते. तरीही दोनऐवजी तीन हात लागतील असे धरून रंग आणावा. सगळे डबे एकाच वेळी मिसळून घ्यावेत आणि वापरण्यापूर्वी एका मोठ्या बादलीत एकत्र करावेत, म्हणजे डब्याडब्यातला बारीक फरक एखाद्या भिंतीच्या मधोमध उघडा पडणार नाही. एक भिंत न थांबता पूर्ण करावी. अर्ध्यावर वाळलेली कड गडद रंगात पट्ट्यासारखी राहते. कमी व्हीओसीचा, म्हणजे हवेत उडून जाणारी रसायने कमी असलेला रंग घेतला तरी खिडक्या उघड्या ठेवून वास पूर्ण जाईपर्यंत त्या खोलीत झोपू नये. रंग हाताला कोरडा लागला तरी पुरता कडक व्हायला काही आठवडे जातात, तोवर भिंत ओल्या फडक्याने पुसू नये आणि सामान तिला टेकवून ठेवू नये.

पुढे ओरखडा पडल्यास गडद भिंतीवर फक्त तेवढ्या जागी ब्रश फिरवला तर तो ठिपका वेगळाच दिसतो. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पूर्ण भिंतीला एक हात देणे हाच त्यावरचा खात्रीचा उपाय आहे. त्यासाठी एका भिंतीला पुरेल इतका रंग घट्ट झाकणाच्या लहान डब्यात काठोकाठ भरून ठेवावा आणि रंगद्रव्यांच्या प्रमाणाचा तो कागद त्याच डब्यावर चिकटवावा.